कालाविया विनंती करते

वरची गल्ली, वेलार्ना
मार्चच्या ईदसआधी सहावा दिवस

प्रोकुला,

आज, मार्चच्या मध्यावर येणाऱ्या ईदसआधी सहाव्या दिवशी, दिवसाच्या तिसऱ्या तासाला मी दार उघडलं तर पाववाला हसत उभा होता. म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "मीसुद्धा काय?" त्याने बोट दाखवलं. माझ्याच घराच्या भिंतीवर, माझ्याच खिडकीखाली, हातभर उंचीची लाल अक्षरं: "ओव्हियस सेलरला नगरप्रमुख करा. तो लायक आहे. वेस्तेची सेविका कालाविया विनंती करते."

मी विनंती केलेली नाही. आठव्या वर्षी मला वेस्ता देवीच्या घरी, तिची आग राखायला नेलं, तेव्हापासून मी कुणालाही कसलीही विनंती केलेली नाही. आणि करायचीच झाली तर सेलरसाठी? तो तुझा दीर आहे, मेलेल्या नवऱ्याचा भाऊ आहे, तुला त्याची माया असेल. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो स्वतःच्याच टोग्याच्या घोळावर पाय देऊन नगरसभेच्या पायऱ्यांवरून घसरला होता आणि पायरीला शिव्या देत होता.

तू म्हणशील, निवडणुकीत सगळ्यांच्याच भिंती रंगतात. रंगू देत. समोरच्या भिंतीवर लिहिलंय, "त्रेबियसला निवडा, बायकोचा मार खाणारे सगळे विनंती करतात." लोक हसतात आणि पुढे जातात. माझ्या नावाला कुणी हसत नाही. इतर माणसं साक्ष देण्याआधी देवाची शपथ घेतात. माझी साक्ष शपथेशिवाय घेतात. देवीच्या आगीजवळ तीस वर्षं उभी राहिलेली बाई जे बोलेल ते खरं, असं कायदा मानतो. मला नवरा नाही, मूल नाही, आग आता दुसऱ्या मुलींच्या हातात आहे. माझा शब्द तेवढा माझ्याकडे राहिलाय. तो तू लाल रंगात बुडवून एका घसरणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधलास.

उद्यापर्यंत भिंतीला चुना लाव. घरी येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. समोर बसलीस की गोड बोलून मला गुंडाळतेस. काय ते लिहून कळव.

तुझी आत्या,
कालाविया


परीटखाना, खालचं दार
मार्चच्या ईदसआधी पाचवा दिवस

आत्या,

तुम्ही बऱ्या असाल तर छान. मीही बरी आहे.

तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. ही सगळी त्या रंगाऱ्याची चूक आहे. मी त्याला माझ्या भिंतीवर माझं नाव लिहायला सांगितलं होतं. तो घर चुकला. मी त्याला भरपूर बोलले.

चुना लगेच लावला असता, पण आमच्याकडचा संपलाय. शिवाय मतदानाला इतके थोडे दिवस राहिलेत. आता पुसलं तर लोक म्हणतील, देवीच्या सेविकेनेच सेलरला नाकारलं. म्हणजे त्यातूनही तुमचं नाव राजकारणात येणारच. मतदान झालं की मी स्वतः उभी राहून भिंत पांढरी करून घेईन.

सोबत अंजिरं आणि मेंढीचं चीज पाठवतेय. दोन्ही तुम्हाला आवडतं.

प्रोकुला


वरची गल्ली
मार्चच्या ईदसआधी चौथा दिवस

प्रोकुला,

चीज परत पाठवलंय. अंजिरं माझ्या मोलकरणीने, हेस्पेरिसने, आधीच खाल्ली होती, नाहीतर तीही आली असती.

घर चुकलेला रंगारी "वेस्तेची सेविका" हे शब्द कुठून आणतो? तू आगीजवळ कधी उभी राहिलीस, मला आठवत नाही. म्हणून मी हेस्पेरिसला त्याच्याकडे पाठवलं. तो म्हणाला, "मला काय विचारता? प्रोकुलाबाईंनी सांगितलं, म्हातारीच्या नावाने लिही, मोठं लिही, आणि देवी पहिल्या ओळीत बसत नसेल तर दुसऱ्या ओळीत घे." म्हातारी म्हटलंस ते मी सोडून देते. आणि परीटखान्यात चुना संपला? सगळ्या शहराचे टोगे पांढरे करून देणाऱ्या बाईकडे पांढरं करायला काही उरलं नाही?

गल्लीत बोलतात की तुला सेलरशी लग्न करायचंय. करायचं असेल तर कर. विधवेला नवरा करायला नगरसभेची निवडणूक लागत नाही.

आता नीट वाच. मतदानाच्या आदल्या दिवशी मी चौकात जाईन. धान्यदेवी सेरेसच्या देवळाच्या पायऱ्यांवर उभी राहीन आणि एकच वाक्य बोलेन: ही विनंती माझी नाही. तेवढ्याने काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तोपर्यंत भिंत पांढरी झाली तर मी घरातच बसेन.

कालाविया


परीटखाना
मार्चच्या ईदसआधी तिसरा दिवस

आत्या,

खोटं बोलले. तुमच्याशी खोटं बोलायला मला नीट जमतही नाही.

सेलरशी लग्न नको. मला पाणी हवंय. गेल्या वर्षी त्रेबियस नगरप्रमुख होता, तेव्हा त्याने शहराच्या टाकीतून स्वतःच्या हमामाकडे शिशाची जाड नळी ओढून घेतली. तेव्हापासून खालच्या दाराच्या वस्तीतल्या पाणी भरायच्या कारंज्याला करंगळीएवढी धार आहे. बायका रिकामे हंडे घेऊन तुमच्या गल्लीपर्यंत चढतात, आणि तुमच्या गल्लीतल्या मोलकरणी त्यांना शेवटी उभं करतात. माझी माणसं हौदात कपडे तुडवतात, तेच घाण पाणी दिवसभर. एकेकाचे पाय सोललेत. मी सभागृहात तक्रार घेऊन गेले. दारावरचा शिपाई म्हणाला, "तुमच्या घरातल्या माणसाला पाठवा." मी म्हटलं, "माझा माणूस मेला." तो म्हणाला, "मग दुसरा पाठवा."

म्हणून दुसरा तयार केला. मला मत नाही, सभेत पाय ठेवायची मुभा नाही. पण परिटांच्या संघाने मला त्यांची पालक केलंय, आणि गाढववाले नि विणकर माझ्या सांगण्यावर मत देतात. सेलर आमच्या हौदाशेजारी वाढला, मी सांगेन ते करेल. वरच्या गल्लीची मतं मात्र मला मिळत नव्हती. आम्ही कपडे मुताने धुतो, कारखान्याला त्याचा वास येतो, आत्या. ते जमवायला गल्लीच्या कोपऱ्यावर आम्ही मडकी ठेवतो, तुमच्या शेजाऱ्यांना त्या मडक्यांचा उपयोग आहे, पण त्यांच्या मालकिणीचं ऐकायचं नाही. तुमचं नाव बघून ते गप्प झाले.

इतरांची नावं लिहिली तसंच तुमचंही लिहिलं. तुमच्या नावाने ती साक्ष होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

खोटं बोला असं म्हणत नाही. फक्त बोलू नका.

प्रोकुला


वरची गल्ली
एप्रिलचा पहिला दिवस

प्रोकुला,

तुझा दीर निवडून आला. अभिनंदन म्हणणार नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी चौकात गेले होते, हे तुला कळलं असेलच. मी पायऱ्या चढले तसे लोक गप्प झाले. मासळीवाल्यासुद्धा. त्रेबियस स्वतः पुढे आला, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "बोला बाई, तुमच्या तोंडून ऐकू द्या शहराला." फार खूश होता. त्याच्या अंगाला हमामातल्या तेलाचा वास येत होता. त्याच्यामागे खालच्या दाराची एक बाई उभी होती, डोक्यावर हंडा, मानेवर शिरा ताठ.

तुला माहीत नसेल. देवीच्या घरात नळाचं पाणी चालत नाही. झऱ्यावरून डोक्यावर आणावं लागतं. भांडं तळाशी निमुळतं असतं, मुद्दाम तसं घडवलेलं, वाटेत खाली टेकवलं की सांडतं. पहिल्या वर्षी माझ्याकडून सांडलं तेव्हा मोठ्या पुजारणीने मारलं नाही. फक्त म्हणाली, "जा, पुन्हा आण." त्या बाईची मान बघून मला माझी मान आठवली.

मी तोंड उघडलं, कांद्याचा भाव विचारला आणि घरी आले.

मी खोटं बोलले नाही. खोट्याला भिंतीवर राहू दिलं. यात फरक आहे असं मी स्वतःला सांगते आणि सकाळपासून घरात फेऱ्या घालते. हेस्पेरिस म्हणते, फरशी झिजेल. चुलीतला विस्तव मी दिवसातून किती वेळा बघते देव जाणे. तीस वर्षांची सवय आहे, पण पूर्वी तो बघून बरं वाटायचं.

आता एकच उपाय आहे. त्याला लायक कर. मी म्हटलंय असं शहर समजतं, तर ते खरं व्हायला हवं. कारंजं कधी सुरू होणार ते लिहून कळव.

कालाविया


सेरेसचं देऊळ
जुलैचा ईदस

कालाविया यांस, सेरेसची नगरपुजारीण कालाविया प्रोकुला हिच्याकडून.

आत्या, कामाच्या गर्दीत उत्तराला उशीर झाला. हे पत्र लेखनिकाकडून लिहून घेतेय. तुम्हाला कळलंच असेल, सभेने एकमताने मला नगरपुजारीण केलं. नाट्यगृहात आता माझी जागा पुढच्या रांगेत आहे. शिपाई उठून उभा राहतो, तोच तो. सकाळी माझ्या दारात विणकर, पाववाले, बंदरावरचे हमाल रांग लावतात. सेलर प्रत्येक ठरावाआधी माझ्याकडे येतो. मागच्या आठवड्यात एक सभासद मला म्हणाला, "बाई, सभा आता तुमच्या अंगणातच भरवू या का?"

कारंज्याचं काम लवकरच होईल. सेलर विषय समजून घेतोय.

तुमची भिंत मात्र पुसू नका. लोक त्या अक्षरांना शुभ मानतात. उत्सवाला नक्की या, तुमच्यासाठी पालखी पाठवेन.


वरची गल्ली
ऑगस्टच्या ईदसनंतर दुसरा दिवस

पुजारीणबाई,

पालखी परत पाठवली. चालता येतं.

काल हेस्पेरिस खालच्या कारंज्यावर गेली होती. मीच पाठवलं. तुझ्या अंगणात रांग लावणारे तुला जे सांगत नाहीत ते ऐकायला. धार आता करंगळीएवढीही नाही. बायकांचं बोलणं तिने जसंच्या तसं आणलंय:

"नगरप्रमुख पाणी कधी देणार गं?"

"विषय समजून घेतोय म्हणे."

"हमामात बसून समजून घेतोय. रोज संध्याकाळी असतो त्रेबियसकडे. त्याच्या मुलीला बघितलीय त्याने."

"अगं, तो लायक आहे. वरच्या म्हातारीने देवीच्या नावाने सांगितलंय."

"मग म्हातारीच्या भिंतीला तोटी लाव, येईल पाणी."

हेस्पेरिस तिथे उभी आहे हे कळल्यावर त्या थांबल्या. मग एक म्हणाली, "बाईंना सांग, आम्ही रागावून बोलत नाही." ते मला जास्त लागलं.

आज सकाळी भिंतीवर "तो लायक आहे"च्या खाली कोळशाने कुणीतरी लिहिलंय: "कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पाववाला आता माझ्याकडे बघत नाही, पाव हेस्पेरिसच्या हातात देतो.

साठी उलटली माझी. मला सत्ता नको होती, पुढची रांग नको होती. मी बोलले की ते खरं, एवढंच हवं होतं. तेही आता गेलं. खरं काय चाललंय ते लिही. लेखनिकाला बाहेर पाठव.

कालाविया


परीटखाना
ऑगस्टच्या ईदसनंतर पाचवा दिवस

आत्या,

स्वतःच्या हाताने लिहितेय. अक्षर खराब आहे.

सेलर माझ्याकडे येत नाही. जूनपासूनच टाळत होता, मी तुम्हाला खोटं लिहिलं. पुढची रांग खरी आहे, बाकीचं बरंचसं नाही. काल मी त्याच्या दारात गेले. त्याने मला रांगेत उभं केलं, आत्या. मला. नंतर आत बोलावलं. मी म्हटलं, "नळीचं काय झालं?" तो म्हणाला, "वहिनी, त्रेबियस माझे सासरे होणार. सासऱ्याची नळी तोडू?" मी म्हटलं, "तुला या खुर्चीवर कुणी बसवलं?" तर हसला. म्हणाला, "शहराने बसवलं. भिंतीवर नाव माझं होतं, वहिनी. तुझं कुठेच नव्हतं."

खरं आहे. मीच लिहिलं नव्हतं.

आणखी वाईट पुढे आहे. शहराच्या पालकाची जागा रिकामी आहे. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी सभा नवा पालक निवडणार, आणि सेलर त्रेबियसचं नाव सुचवणार. पालक एकदा झाला की मरेपर्यंत. शहराच्या वतीने रोमला तक्रार करायचा हक्कही त्याचाच. पाणी चोरणाऱ्याविरुद्धची तक्रार पाणी चोरणाऱ्यानेच न्यायची.

मी विचार करून करून थकले, बसवत नाही की उभं राहवत नाही. एकच वाट दिसते. सभासदांत म्हातारे सेस्तियस आहेत, घराणं जुनं, शत्रू कुणी नाही, दोन्ही कानांनी बहिरे. त्यांना पालक करू. मागून कारभार मी बघेन. ते सेलरसारखे उलटायचे नाहीत, त्यांना उलटायची ताकदच नाही. वरची गल्ली त्यांना मानते. फक्त तुमच्या भिंतीवर एकदा, या वेळी तुम्हाला विचारून: "सेस्तियस लायक आहेत."

कराल?

प्रोकुला


वरची गल्ली
सप्टेंबरच्या पहिल्या दिवसाची आदली दुपार

प्रोकुला,

नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी खूप फेऱ्या घातल्या. फरशी झिजली नाही. मग सेस्तियसकडे गेले. मला वाटलं, जोरजोरात ओरडावं लागेल. दारातच मी पुटपुटले, "देवा, या म्हाताऱ्याला काय समजावू," तर ते म्हणाले, "हळू बोललात तरी चालेल बाई. मी बहिरा नाही. सभेत ऐकण्यासारखं काही नसतं." मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ हसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "मी ऐंशीचा आहे. मला टोगा म्हणून अंगावर घेऊन किती दिवस फिरेल ती? स्वतःच का उभी राहत नाही?"

मी म्हटलं, "बाई शहराची पालक? कायद्यात बसतं?"

म्हणाले, "पालक पुरुषच असावा असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहावं लागेल हे कुणाला सुचलंच नव्हतं. उद्या सुचेल. त्याआधी करून टाकू."

तुझी चूक तुला अजून दिसली नसेल तर सांगते. माझं नाव चोरलंस ती चूक होतीच. तिच्याहून मोठी चूक ही की चोरून ते दुसऱ्याच्या कामी लावलंस. एवढं शहर हलवलंस, परीट, विणकर, गाढववाले, वरची गल्ली, मी, सगळ्यांना हलवलंस, आणि शेवटी वर कुणाला चढवलं तर सेलरला. आता पुन्हा दुसरा शोधत होतीस. त्या शिपायाने "माणूस पाठवा" म्हटलं ते तू फारच मनावर घेतलंस.

आज सकाळी मी रंगाऱ्याला बोलावलं. तोच तुझा. आधी चुना लावून घेतला. चुना माझ्याकडे होता. भिंत वाळेपर्यंत समोर बसून राहिले. मग त्याला मजकूर सांगितला. त्याने ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, ही थट्टा तर नाही ना? लोक असं थट्टेने लिहून घेतात." मी म्हटलं, "मी कधी थट्टा केलेली ऐकलीस?" तो म्हणाला, "नाही, म्हणूनच विचारलं."

आता भिंतीवर हे आहे: "कालाविया प्रोकुलाला शहराची पालक करा. ती लायक आहे. वेस्तेची सेविका कालाविया विनंती करते."

या वेळी मी खरोखरच केलीय. आयुष्यातली पहिली.

गल्ली आधी हसली. मग पाववाला आला, दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमचेच शब्द?" मी म्हटलं, "माझेच." त्याने मान हलवली आणि पाव माझ्या हातात दिला. त्यानंतर कुणी हसलं नाही. दुपारच्या आत सेलरची दोन माणसं बादली आणि कुंचा घेऊन आली. तोवर खालच्या दाराच्या बायका पाण्याला म्हणून वर आल्या होत्या. हेस्पेरिसने त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी रिकामे हंडे भिंतीला लावून ओळीने मांडले आणि त्यांच्यापुढे बसल्या. एक जण सेलरच्या माणसाला म्हणाली, "दादा, पुसायचं तर पूस. पण कुंच्याला पाणी लागेल. कुठून आणतोस?" तो अजून कोपऱ्यावर उभा आहे. बायकाही बसून आहेत. मी त्यांना मसूर शिजवून दिलेत.

सेस्तियस उद्या सभेत तुझं नाव सुचवतील. पण ज्याला पालक करायचं त्याची लेखी संमती आधी हातात असावी लागते, हा नियम मात्र लिहिलेला आहे. ती घ्यायला ते आत्ता माझ्या अंगणात बसलेत, अंजिरं खातायत आणि न ऐकल्याचं सोंग करतायत.

सभा तुला निवडेल की नाही, मला ठाऊक नाही. हरलीस तर सगळ्यांसमक्ष हरशील. नाट्यगृहातली जागा जाईल, सेलर हसेल, कदाचित तुझी मडकीही कोपऱ्यावरून उचलायला लावतील. ती भीती मी तुझ्याकडून घेऊ शकत नाही. पण मी तुझ्याबद्दल साक्ष दिलीय आणि ती खरी आहे की खोटी, हे आता तुझ्या हातात आहे. त्या निमुळत्या भांड्याबद्दल मी तुला लिहिलं होतं. ते तू मार्चमध्ये माझ्या डोक्यावर ठेवलंस. आज मी तुझ्या डोक्यावर ठेवतेय. वाटेत खाली टेकवायची सोय नाही.

उद्या, सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी, दिवसाचा तिसरा तास भरण्याआधी मला तुझं उत्तर हवं. लेखी, तुझ्या स्वतःच्या हाताने, त्या खराब अक्षरात. हो असेल तर पूर्ण नाव लिही, कुणाची बायको किंवा वहिनी असं न लिहिता. नाही असेल तर तेही लिही, आणि मग स्वतः वर ये. उरलेला चुना दारात ठेवलाय. त्या बायकांना उठवून भिंत तूच पूस.

कालाविया